बँजो लावला तरी परत कणसूर : खुंटीच्या आधी काय तपासायचं

“आत्ताच लावला होता, परत उतरला.” ब्लूग्रास, म्हणजे अमेरिकेतल्या एका लोकसंगीताच्या धाटणीचा बँजो शिकवायला लागल्यापासून हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता कुणी ‘आत्ताच’ म्हटलं की मी त्याच्या हाताकडे बघतो. हात खुंटीवर असतो. सूर दाखवणाऱ्या ट्यूनरचा काटा डावीकडे गेला, पिळली खुंटी. उजवीकडे गेला, परत पिळली. एक गाणं वाजवून होईपर्यंत पुन्हा तेच. अमेरिकेतल्या जॅममध्ये, म्हणजे वादकांच्या एकत्र वाजवण्याच्या बैठकीत, जुना विनोद आहे की बँजोवाल्याचं अर्धं आयुष्य वाद्य लावण्यात जातं आणि उरलेलं अर्धं बेसूर वाजवण्यात. विनोद फर्मास आहे, पण नीट बसवलेला बँजो दोन-तीन गाणी सहज टिकतो. टिकत नसेल तर खुंटीवर संशय सगळ्यात शेवटी घ्यावा.

गणपतीच्या मिरवणुकीत वाजतो त्या बटणांच्या बेंजोबद्दल हे लिहिलेलं नाही. इथे विषय आहे तो पाच तारांचा, मागे लाकडी रेझोनेटर (आवाज पुढे फेकणारी तबकडी) असलेला बँजो. नॉर्थ कॅरोलिनातल्या क्लीव्हलँड काउंटीत वाढलेले अर्ल स्क्रग्ज डिसेंबर १९४५ मध्ये ब्लूग्रासचे जनक मानले जाणारे बिल मन्रो यांच्या बँडमध्ये आले आणि अंगठा, तर्जनी, मध्यमा या तीन बोटांत नख्या घालून वाजवायची त्यांची पद्धत ब्लूग्रासची ओळख बनली. आज ‘ब्लूग्रास बँजो’ म्हटलं की वाद्यही त्याच घडणीचं आणि वाजवणंही त्याच धाटणीचं धरलं जातं.

या घडणीतच तक्रारीचं मूळ आहे. मध्ये ११ इंच व्यासाचं मायलार या प्लास्टिकचं हेड, तबल्याच्या पुडीसारखं कडेने ओढून बसवलेलं. त्यावर लाकडी ब्रिज, म्हणजे आपली घोडी. ती कुठेही चिकटवलेली नसते, केवळ तारांच्या दाबाने जागेवर उभी असते. एखादी तार चढवली की ब्रिज किंचित खाली दाबला जातो, हेडही दबतं, आणि बाकीच्या चार तारा थोड्या उतरतात. गिटारवरून आलेल्यांना हे लवकर पटत नाही, कारण गिटारची लाकडी पाटी इतकी लवचीक नसते.

त्यामुळे बँजो एका फेरीत लागत नाही. पहिल्या फेरीत पाचही तारा जवळपास आणा, दुसऱ्या फेरीत नेमक्या करा, आणि तार फार लांबून वर आणली असेल तर तिसरी फेरीही घ्या. प्रत्येक तार खालून वर चढवत सुरावर आणा. जास्त चढली तर स्वराच्या खाली उतरवून परत वर या. वरून खाली येऊन थांबलेली तार खुंटीच्या दात्यांत आणि नटच्या (मानेच्या टोकाशी तारा ज्यावरून जातात त्या पट्टीच्या) खाचेत थोडी ढील ठेवते, आणि ती ढील पहिल्याच जोरकस रोलमध्ये (तीन बोटांच्या ठरावीक फिरत्या वाजवणीत) निघून जाते.

दुसरी गोष्ट, नख्या घालून लावा. बँजोच्या तारा अतिशय बारीक असतात. पहिली आणि पाचवी साधारण ०.००९ किंवा ०.०१० इंच जाडीची. नखीचा टोला बसला की अशी तार क्षणभर चढी वाजते आणि मग खाली येऊन स्थिरावते. अंगठ्याच्या मांसल भागाने हळूच छेडून लावलेला बँजो जॅममध्ये जोरात वाजवला की चढा लागतो, तो यामुळे.

आधी प्रकार ओळखा

‘बेसूर होतो’ या एका तक्रारीखाली निदान चार वेगळे दोष असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. मोकळ्या तारा लावल्यानंतर काही मिनिटांत सरकतात का? की मोकळ्या तारा बरोबर राहतात आणि मानेवर वर गेलं की बिघडतं? की कॅपो (मानेवर तारा दाबून ठेवणारा चिमटा) लावल्यावरच गडबड होते? की ट्यूनर सगळं हिरवं दाखवतो आणि तरी कानाला खुपतं? व्हिडिओ कॉलवर शिकवताना मी आधी हेच विचारतो आणि ऐकण्याच्या भानगडीत पडत नाही. फोनवरून येणारा बँजोचा आवाज भरवशाचा नसतो. विद्यार्थ्याला ट्यूनरचा काटा वाचून दाखवायला सांगतो. तेवढ्यावर बरंच निदान होतं.

मोकळ्या तारा बरोबर, वर गेलं की बेसूर

इथून सुरुवात करतोय, कारण नव्या वाजवणाऱ्यांत हा दोष सर्रास असतो आणि त्यांना तो कळतही नाही. ब्रिज सरकलेला असतो. बँजो पिशवीतून काढताना हात लागला, कुणी हेड पुसताना ढकलला, किंवा तारा बदलताना पाचही तारा एकदम काढल्या आणि ब्रिज पडला, मग अंदाजाने उभा केला. पूर्ण मापाच्या बँजोवर नटपासून ब्रिजपर्यंतची लांबी सव्वासव्वीस इंचांच्या आसपास असते. त्यात एखाद्या मिलिमीटरचा फरक पडला तरी बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) कानाला कळतो.

तपासणी अशी. पहिल्या तारेवर, बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर बोट हलकंच टेकवून हार्मोनिक (तार न दाबता येणारा घंटेसारखा स्वर) काढा आणि ट्यूनरवर बघा. मग तीच तार त्याच फ्रेटवर दाबून वाजवा. दाबलेला स्वर हार्मोनिकपेक्षा चढा असेल तर तारेची लांबी कमी पडते आहे, म्हणून ब्रिज टेलपीसच्या (तारांची खालची टोकं जिथे अडकवलेली असतात त्या भागाच्या) दिशेने न्या. उतरा असेल तर मानेकडे आणा. हेच चौथ्या तारेवर करा. बहुतेक वेळा चौथ्या तारेची बाजू पहिल्या तारेच्या बाजूपेक्षा थोडी मागे, टेलपीसकडे न्यावी लागते, म्हणजे ब्रिज किंचित तिरका बसतो. तो तिरकेपणा बघून काहीजण अस्वस्थ होतात आणि डोळ्यांनी सरळ करून टाकतात. करू नका.

सरकवायची रीतही आहे. तारा अर्ध्या-एक सुराने उतरवा, ब्रिजची दोन्ही टोकं दोन हातांच्या चिमटीत पायाशी धरा आणि केसभर हलवा. परत लावा, परत तपासा. जागा सापडली की ब्रिजच्या पायांभोवती हेडवर मऊ पेन्सिलीने खुणा करून ठेवा. नव्या पांढऱ्या हेडवर रेघ मारायला जीव होत नाही हे खरं, पण पुढच्या वेळी ब्रिज हलला तर काही सेकंदांत जागेवर येतो.

ब्रिज बाजूने बघा. तारा चढवताना त्या ब्रिजचा वरचा कंगोरा मानेकडे ओढतात, त्यामुळे ब्रिज हळूहळू पुढे झुकतो. पाय खुणेवर आणि डोकं पुढे, असं झालं की खुणा बरोबर असूनही स्वर चढे येतात. बऱ्याच ब्रिजची एक बाजू सपाट असते आणि दुसरी उतरती. सपाट बाजू टेलपीसकडे असावी आणि ती हेडला काटकोनात उभी दिसावी. तारा बदलल्यावर दरवेळी हे बघा. आणि तारा एकेक करूनच बदला.

एवढं करूनही तिसरी तार फ्रेटवर चढीच वाजेल. तिच्यावर वेगळा परिच्छेद खर्च करावा लागतो. ही G ची तार बँजोवर बिनवेटोळ्याची असते आणि साध्या तारांमध्ये जाड असते. जाड साधी तार दाबली की बारीक तारेपेक्षा जास्त चढते. सरळ ब्रिजवर पहिली आणि चौथी जुळवली की तिसरी मधल्यामध्ये चढी राहते. यावर उपाय म्हणून तिसऱ्या तारेखाली थोडा मागे कोरलेले ब्रिज मिळतात, आणि मला ते पैसे वसूल करणारे वाटतात. पण ब्रिजला दोष देण्याआधी डावा हात बघा. आपण कितीतरी जास्त जोर लावतो. फ्रेटच्या मागे लगेच, अगदी चिकटून बोट ठेवलं तर तार नुसती टेकवली तरी वाजते. एक स्वर वाजवत हळूहळू बोट सैल करत जा; आवाज खरखरायला लागेपर्यंत किती जोर उगाचच जात होता ते कळेल. स्टीलच्या तारांच्या गिटारवर हात बसलेल्यांचा तिसऱ्या तारेचा दुसरा फ्रेट निव्वळ जोरामुळे बेसूर असतो.

लावल्यावर थोड्याच वेळात सरकतो

तारा नव्या असतील तर पहिला दिवस-दोन दिवस त्या ताणतच राहणार. लावल्यावर प्रत्येक तार मध्यावर बोटाने हलकी वर ओढा, परत लावा, असं काही वेळा करा. टेलपीसच्या आकड्यावर तारेचा फासा नीट बसलाय का आणि खुंटीवर दोन-तीन वेटोळी एकाखाली एक आहेत का हेही बघा. नव्या हेडचंही असंच. पहिले काही आठवडे ते सैलावत राहतं.

तारा जुन्या आणि तरी सरकतात, तर नट तपासा. तार चढवताना ‘टिंग’ असा बारीक आवाज येतो आणि काटा एकदम उडी मारतो? तार नटच्या खाचेत अडकते आहे. खुंटीकडच्या बाजूला ताण साठतो आणि वाजवताना अचानक सुटतो. खाचेत मऊ पेन्सिलीचं शिसं घासा. त्याने भागलं नाही तर खाच अरुंद आहे. ती रुंद करायला बारीक कानस लागते आणि बेताचा हात लागतो, घरी प्रयोग नको. पाचव्या तारेचं स्वतंत्र छोटं नट पाचव्या फ्रेटजवळ असतं, त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. तिथेही शिसं लावा.

मग हेड. ब्रिजशेजारी हेडवर पट्टी उभी धरा. ब्रिजखाली स्पष्ट खळगा दिसत असेल तर हेड सैल आहे, आणि सैल हेडवरचा बँजो सुरात राहणं अवघड. गिब्सन कंपनीच्या धाटणीच्या बँजोला हेड ओढून धरणारे सहसा २४ हूक कडेने असतात. मागचा रेझोनेटर काढा, पान्याने हुकाचा एक नट पाव फेऱ्याहून कमी आवळा, मग त्याच्या समोरासमोरचा, मग काटकोनातले दोन, असं फिरत जा. एका बाजूने सलग आवळत गेलात तर वरची कडी तिरकी बसते. तारा दाबून धरून हेडच्या कडेला टिचकी मारली की जो स्वर येतो तो पुष्कळ जण G ते G शार्पच्या दरम्यान ठेवतात. ताण मोजायची डायल असेल तर काटा ९० च्या आसपास. तबल्यावर हातोडी चालवलेल्या माणसाला हे काम पटकन जमतं, फक्त त्याने हात आखडता घ्यावा, कारण मायलार फाटताना पूर्वसूचना देत नाही. हेड आवळलं की ब्रिज वर येतो, सगळ्या तारा चढतात आणि तारांची उंचीही बदलते. ब्रिजची जागा पुन्हा तपासावी लागेल.

रेझोनेटर काढलेलाच आहे तर मान आणि खोडाचा (हेड ज्यावर बसतं त्या गोल लाकडी घेराचा) जोडही बघून घ्या. बँजो मांडीवर घेऊन एक तार वाजवा आणि मान हलकीच मागेपुढे करा. थोडा स्वर हलतो, ते सगळ्याच बँजोंचं होतं. पण आवाज गटांगळी खात असेल किंवा मानेच्या टाचेशी फट दिसत असेल, तर आतल्या दांड्या जिथे मानेच्या बोल्टला जोडल्या आहेत तिथे ढिलाई आहे. ते नीट कसा, पण जोर आवरून. या दांड्यांचे नट पिळून तारांची उंची कमी-जास्त करायची युक्ती लोक सांगतात. त्याने गोल खोड दाबलं जाऊन लंबगोल होतं, म्हणून मी ती सांगत नाही.

आता खुंटी. खुंटीच्या टोकाला एक स्क्रू असतो, तो सैल असेल तर तारेच्या ओढीने खुंटी आपोआप मागे फिरते. थोडा आवळा. झालं, खुंटीचं एवढंच.

हवामानाचं थोडं. स्टील तापलं की तार लांबते आणि उतरते, गार पडलं की चढते. उन्हात भरलेल्या पिकनिकला बँजो उतरत जाईल, एसीच्या खोलीत नेला की चढेल. पिशवीतून काढून लगेच लावू नका, वाद्याला खोलीच्या तापमानाला येऊ द्या. नॉर्थ कॅरोलिनाचा दमट उन्हाळा आणि हीटर लावलेला कोरडा हिवाळा यांत लाकडी मान फुगते-आकसते, तारांची उंची बदलते. ऋतू पालटला की बाराव्या फ्रेटची तपासणी परत करायची. पावसाळ्यात बँजो घेऊन मुंबई-पुण्याला जाणाऱ्यांनी तारांचा जादा संच बरोबर न्यावा. तारा गंजतात, गंजलेली तार सुरात राहत नाही, आणि फाशाच्या तारा आपल्याकडे सगळ्या दुकानांत मिळत नाहीत. अडलं तर सुट्या गिटारच्या तारा चालतात: टोकाची पितळी गोळी पकडीने कडेवर दाबून फोडा, आत फासा असतोच. डोळ्यांसमोर धरून फोडू नका.

कॅपो लावला की बिघडतं

ब्लूग्रासमध्ये A आणि B मधली गाणी सतत येतात, त्यामुळे कॅपोशिवाय जॅम होत नाही. कॅपोही बोटासारखाच तार दाबतो, तेव्हा नियम तेच: फ्रेटच्या मागे चिकटून, सरळ, आणि स्वर स्वच्छ येईल इतकाच ताण. स्प्रिंगचा गिटारचा कॅपो या बारीक तारांना फार होतो. स्क्रूने ताण कमी-जास्त करता येणारा घ्या.

पाचव्या तारेला हा कॅपो पोहोचत नाही. तिच्यासाठी सातव्या, नवव्या, दहाव्या फ्रेटजवळ मानेत बारीक खिळे ठोकलेले असतात. मुळात ते छोट्या मॉडेल रेल्वेच्या रुळांचे खिळे. दुसऱ्या फ्रेटवर कॅपो, पाचवी तार सातव्याच्या खिळ्याखाली: A. चौथ्यावर कॅपो आणि नववा खिळा: B. तार खिळ्याखाली अडकवली की ती बाजूला ओढली जाते आणि जवळजवळ नेहमी चढते. खिळा लावला की तीच तार सगळ्यात आधी तपासा, कारण रोलमध्ये ती सतत वाजते आणि तिचा बेसूर प्रत्येक स्वरावर सांडतो. कॅपो काढल्यावरही पाचही तारा परत बघायच्या. हेडवरचा भार पुन्हा बदललेला असतो.

ट्यूनर हिरवा, कान नाराज

ही तक्रार मला मराठी विद्यार्थ्यांकडून जास्त येते, आणि ती खरी असते. G ला सा धरला तर मोकळ्या तारा अशा: चौथी मंद्र पंचम, तिसरी सा, दुसरी शुद्ध गंधार, पहिली पंचम, पाचवी तार सा. तंबोऱ्यासोबत वाढलेल्या कानाला यातला गंधार खुपतो. ट्यूनर बारा समान भागांच्या सप्तकाचा गंधार देतो. तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा गंधार त्याहून सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) खाली असतो. पेटीच्या गंधारावर गवयांची तक्रार असते, तीच ही.

मग दुसरी तार १४ सेंट उतरवून टाकू? मोकळं G फार गोड वाजेल, आणि पुढच्याच C किंवा D वर गोची होईल. दुसऱ्या तारेचा पहिला फ्रेट म्हणजे C चा सा आणि तिसरा फ्रेट म्हणजे D. दोन्ही तेवढेच खाली येतील, आणि तिसऱ्या फ्रेटचा D पहिल्या मोकळ्या तारेशी भांडेल. दुसरं भांडण तिसऱ्या तारेशी. स्क्रग्ज धाटणीत तिसऱ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटवरून चौथ्यावर घसरत जायचं आणि लगेच मोकळी दुसरी तार वाजवायची, हे पावलोपावली येतं. चौथ्या फ्रेटवरचा आणि मोकळ्या तारेचा स्वर एकच असायला हवा. तिसरी दाबल्यामुळे चढलेली आणि दुसरी मुद्दाम उतरवलेली, की दोघींत लाटा ऐकू येतात. त्यामुळे अनेक वादक मधला रस्ता धरतात, दुसरी तार चार-पाच सेंट खाली. मीही तिथेच ठेवतो. आधी ब्रिज आणि डाव्या हाताचा जोर ताळ्यावर आणा, मग हे करा. उलट क्रमाने केलंत तर दुसऱ्या तारेवर तिसरीची पापं फेडत बसाल.

जॅममध्ये मात्र गिटारवाला ट्यूनरवर लावून आलेला असतो. दुसरी तार फार खाली असेल तर ती त्याच्याशी जुळणार नाही, आणि तिथे बहुमत त्याचं असतं.

D मधल्या गाण्यांना पाचवी तार G वर ठेवली तर सतत मध्यम वाजत राहतो. काहींना तो चालतो. मला नाही, मी खिळा लावून A करतो, पंचम मिळतो. हा ट्यूनिंगचा दोष नाही, तरी ‘D मध्येच बेसूर वाटतं’ म्हणणाऱ्या निम्म्या लोकांना हेच खुपत असतं असा माझा अंदाज आहे.

हे सगळं करून एखादाच फ्रेट, एकाच तारेवर बेसूर किंवा खरखरीत राहिला, तर तो फ्रेट उचकटलाय किंवा झिजलाय. त्याला कारागीरच हवा. भारतात गिटार दुरुस्त करणारा चांगला माणूस हे काम करू शकतो, फ्रेट फ्रेटच असतो. त्याच्याकडे देताना ब्रिजच्या खुणा दाखवा, तारा एकदम सगळ्या काढाव्या लागल्या तर ब्रिजची कोणती बाजू टेलपीसकडे ते लिहून द्या, आणि खोडाच्या आतल्या दांड्यांना हात लावू नका म्हणून सांगा.